संध्याकाळी रोव्हर फिक्स का सोडतो आणि तेव्हा काय करायचं

पाऊस पडतोय म्हणून रोव्हर (दांडीवर बसवलेला सर्व्हेचा जीपीएस रिसीव्हर) फिक्स, म्हणजे सेंटीमीटरभर नेमकी जागा, घेत नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. ती येते घरातल्या डिशवरून. आभाळ भरून आलं की टीव्ही बंद पडतो, मग रोव्हरचंही तसंच असणार असं वाटतं. पण डिशचा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्‌झचा. त्याची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची, त्यामुळे पावसाचे थेंब तिला अडवतात. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस असेल तर दर किलोमीटरला दोन-अडीच डेसिबल जातात. आपल्या जीपीएसचा एल-वन सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा, लहर १९ सेंटीमीटरची. तेवढ्याच पावसात त्याचा किलोमीटरमागे डेसिबलचा शंभरावा भागसुद्धा जात नाही. भर पावसात कंट्रोलरवर, म्हणजे रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रावर, प्लॅस्टिकची पिशवी चढवून मी पॉइंट घेतलेत, फिक्स जागचा हललेला नाही.

आणि याच्या बरोबर उलट: ऑक्टोबर महिना, आभाळात ढगाचा तुकडा नाही, तासगावकडची द्राक्षबाग, बेस (माहीत असलेल्या जागेवर उभा केलेला, रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा दुसरा रिसीव्हर) दोन किलोमीटरवर, सगळं व्यवस्थित. आणि साडेसातच्या सुमाराला दांडी धरलेला पोरगा म्हणतो, "मॅडम, परत फ्लोट." म्हणजे फिक्स सुटला, जागा नुसती अंदाजे. हे का होतं आणि त्यावर काय करायचं, हे लिहायला बसले आहे. मी विट्याला असते, खासगी सर्व्हेची कामं करते: प्लॉटचे लेआउट, रस्ते, पाइपलाइन, कधीमधी घाटातलं एखादं काम. नवीन रोव्हर घेतलेली मुलं वरचेवर हेच विचारतात, म्हणून हे सगळं एका जागी.

वरचा थर आणि खालचा थर

सॅटेलाइट २०,००० किलोमीटरवर असला तरी सिग्नलला त्रास होतो तो शेवटच्या हजारएक किलोमीटरात, आणि तोही दोन वेगळ्या ठिकाणी. या दोन ठिकाणांचे स्वभाव वेगळे आहेत. त्यांची गल्लत केली की उपायही चुकीचा निवडला जातो.

वर आहे आयनांबर. सूर्याच्या किरणांनी तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सगळ्यात दाट पट्टा साधारण ३०० ते ४०० किलोमीटरवर. सिग्नल किती रेंगाळणार हे तिथल्या इलेक्ट्रॉनच्या संख्येवर ठरतं. ती टीईसी या मापात मोजतात, आणि टीईसीच्या एका एककामागे एल-वनवर १६ सेंटीमीटरचा फरक पडतो. सूर्य जोरात असताना, म्हणजे त्याच्या ११ वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ, मार्च किंवा ऑक्टोबरच्या दुपारी आपल्या भागात १०० एककं धरा, म्हणजे १६ मीटर झाले. मोबाईलमध्ये एकच फ्रिक्वेन्सी असेल तर सॅटेलाइटकडून येणारं तयार गणित त्यातला साधारण निम्मा भाग काढतं, उरलेला तसाच राहतो. (मोबाईलवर बांधावरून फिरून गुंठे मोजणाऱ्यांसाठी: ही चूक सगळ्या कोपऱ्यांना जवळपास सारखीच लागते, म्हणून क्षेत्रफळ बऱ्यापैकी येतं, पण अख्खा तुकडा शेजाऱ्याच्या उसात सरकलेला दिसतो. भांडण उकरून काढण्याआधी हे ध्यानात घ्या.)

हे रेंगाळणं फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणून एल-फाइव्हवर, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्‌झवर, ते एल-वनच्या १.८ पट असतं, तर आपल्या नाविकच्या (भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या) एस-बँडवर, २४९२ मेगाहर्ट्‌झला, फक्त ४० टक्के. दोन फ्रिक्वेन्सींवर ते वेगवेगळं असतं म्हणूनच आपला रिसीव्हर ते मोजू शकतो आणि वजा करू शकतो.

खाली आहे तपांबर, जिथे ढग, धुकं, दमटपणा. हे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखंच अडवतं, त्यामुळे दोन काय आणि तीन काय, फ्रिक्वेन्सी वाढवून इथे काही साधत नाही. समुद्रसपाटीला डोक्यावरच्या सॅटेलाइटसाठी कोरड्या हवेचे २.३ मीटर पक्के. वर ओलाव्याचे वेगळे: हिवाळ्यात माळावर १० सेंटीमीटर, जुलैत कोकणात ३५-४०. सॅटेलाइट क्षितिजापासून १० अंशांवर असेल तर तिरक्या वाटेमुळे हा आकडा १३ मीटरच्या पुढे जातो. मास्क अँगल (ज्याच्या खालचे सॅटेलाइट रिसीव्हर सोडून देतो तो कोन) १५ ठेवा असं म्हणतात ते यासाठी.

एवढं शास्त्र पुरे.

आधी बघा, गुन्हा हवेचाच आहे का

फिक्स गेला की सगळ्यात पहिल्यांदा कंट्रोलरवर एज बघा, म्हणजे बेसकडून आलेली करेक्शन किती सेकंद जुनी आहे ते. एक-दोन असेल तर ठीक. पाच, दहा, वीस असा आकडा चढत चालला असेल तर आयनांबराचा काही संबंध नाही, इंटरनेटच्या सिमकार्डाला रेंज नाही किंवा बेसच्या रेडिओची बॅटरी उतरली आहे. हवेच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच निकालात निघतात.

एज बरोबर आहे? मग सॅटेलाइटची यादी उघडा आणि सिग्नलच्या पट्ट्या दोन मिनिटं नुसत्या बघत बसा. आंब्याखाली किंवा भिंतीशेजारी उभे असाल तर काही पट्ट्या कायमच्या खाली असतात आणि तुम्ही चार पावलं सरकलात की बदलतात. आयनांबराचं लक्षण वेगळं आहे. मोकळ्या शेतात, रोव्हर स्थिर असताना, आत्ता ४५ वर असलेली पट्टी दहा सेकंदांत २८ वर येते, परत ४४, परत ३०. शेजारच्या सॅटेलाइटला काहीच होत नसतं. स्काय प्लॉट उघडलात तर नाचणारे सगळे आकाशाच्या एकाच बाजूला दिसतात. वापरातले सॅटेलाइट २८ वरून २०, मग १४ असे गळत जातात आणि फिक्सचा फ्लोट होतो. हे दिसलं की दांडी हलवून, रोव्हर बंद-चालू करून, विक्रेत्याला फोन करून उपयोग नाही. जे बिघडलंय ते साडेतीनशे किलोमीटर वर आहे.

सूर्यास्तानंतरचे बुडबुडे

हे प्रकरण आपल्याच पट्ट्यातलं आहे. युरोप-अमेरिकेतल्या रोव्हरच्या पुस्तकांत यावर दोन ओळी असतात, कारण तिथे हा त्रास फारसा नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंबा इथे रॉकेट केंद्र उभारलं ते यासाठीच, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. दुपारभर या विषुववृत्तावरचे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि उत्तरेला-दक्षिणेला उतरून दोन ढीग करतात. उत्तरेकडचा ढीग अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडतो. महाराष्ट्र विषुववृत्त आणि ढीग या दोन्हींच्या मधल्या उतारावर आहे.

सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरतो, वरचा दाट भाग मात्र तसाच राहतो, उलट आणखी वर उचलला जातो. बाटलीत तेलावर पाणी ओतलं तर खालचं तेल वाट काढत वर येतं, तसे खालचे विरळ पट्टे दाट थरात घुसून वर चढतात. हेच ते बुडबुडे. वर चढताना ते चुंबकीय रेषांवरून उत्तरेला-दक्षिणेला पसरत जातात. जितका बुडबुडा उंच, तितका तो उत्तरेपर्यंत पोहोचतो. म्हणून साधारण वर्षात सिंधुदुर्ग-कोल्हापूरला त्याचा त्रास नागपूरपेक्षा जास्त वेळा होतो; सूर्य जोरात असला की कोणीच सुटत नाही. कोल्हापूरहून भारतीय भूचुंबकत्व संस्थेने रात्रीच्या आकाशातल्या मंद लाल प्रकाशाचे फोटो घेऊन हे बुडबुडे टिपले आहेत. त्यांत ते उत्तर-दक्षिण काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला साधारण १०० मीटरच्या वेगाने.

यातून साइटवर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी अशा निघतात.

वेळ: सूर्यास्तानंतर तासाभराने सुरू, जोर साडेसात ते मध्यरात्र. पहाट बहुधा स्वच्छ.

महिने: मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात वाईट. सूर्य जोरात असेल तर हिवाळ्यातही थोडाफार त्रास. जून-जुलै सगळ्यात शांत. म्हणजे चिखलात पाय रुततात त्या दिवसांत संध्याकाळचं आयनांबर गुणी असतं, आणि पावसाळा संपून कामं एकदम अंगावर येतात तेव्हा ते बिघडतं. मार्चचं तर विचारूच नका. ३१ तारखेच्या आत बिल टाकायचं म्हणून सगळे कंत्राटदार हेडलाइटच्या उजेडात लेआउट मागतात, आणि नेमके तेच दिवस बुडबुड्यांचे. मी आता मार्चमध्ये कामाचा वेळ सांगतानाच सांगून टाकते की पॉइंट सकाळी सहाला सुरू होतील आणि संध्याकाळी साडेसहाला मिटतील. पुढचं टोटल स्टेशनवर (सॅटेलाइटशिवाय कोन-अंतर मोजणारं यंत्र). आधी कुरकुर होते, नंतर सवय होते.

वर्ष: सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ मध्ये शिखरावर आलं. म्हणजे ज्यांनी २०१८-२० च्या सुमारास रोव्हर हातात घेतला, ते सूर्य झोपलेला असताना शिकले. त्यांना "पूर्वी असं होत नव्हतं" वाटतं ते खरंच आहे, मशीन म्हातारं झालेलं नाही.

थांबायचं की गुंडाळायचं? बुडबुड्याची रुंदी आणि वेग यांचा हिशोब घातला तर एक पट्टा डोक्यावरून जायला बहुधा पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. दोन-तीनच पॉइंट उरले असतील तर चहा घ्या, पट्ट्या स्थिर झाल्या की पॉइंट घ्या. पण एकामागे एक रांग असते, त्यामुळे चाळीस पॉइंट उरले असतील तर गुंडाळा आणि सकाळी या. रात्रभर स्टॅटिक (रिसीव्हर एकाच जागी ठेवून लांब नोंद) लावून ठेवायची सवय असलेल्यांनी या महिन्यांत वेळ उलटा करावा: पहाटे चारला लावा, नऊला काढा.

आता चुंबकीय वादळांबद्दल, कारण बातम्यांत तेच येतं. १० मे २०२४ ला आलेलं वादळ २००३ नंतरचं सगळ्यात मोठं होतं. लडाखमध्ये हानलेला लाल आकाश दिसलं, अमेरिकेत पेरणीच्या ट्रॅक्टरांचं जीपीएस भरकटलं. त्यानंतर बरेचजण रोज मोबाईलवर केपी निर्देशांक (पृथ्वीचं चुंबकत्व किती खवळलंय त्याचं माप) बघून साइटवर जातात. बघा, हरकत नाही, पण आपल्या भागात त्यावर फार विसंबू नका. वादळ कधी बुडबुडे उठवतं, तर कधी उलट दाबूनही टाकतं. आणि केपी एक-दोनवर असतानाही ऑक्टोबरच्या संध्याकाळी बुडबुडे येतातच. आपल्यासाठी कॅलेंडर आणि घड्याळ जास्त कामाचं.

सेटिंगमध्ये करण्यासारखं इतकंच: सगळी नक्षत्रं, म्हणजे सॅटेलाइटचे ताफे, चालू ठेवा: जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदू, जे जे रिसीव्हर घेतो ते. एका बाजूचे दहा गळाले तरी दुसऱ्या बाजूचे पंधरा उरले पाहिजेत. बरीच मशीनं येताना अर्धी नक्षत्रं बंद करून येतात, एकदा आत जाऊन बघाच. आणि सॅटेलाइट गळतात म्हणून घाबरून मास्क अँगल पाचवर आणू नका. खालचे सॅटेलाइट त्याच बिघडलेल्या थरातून जास्त लांबची वाट तुडवत येतात.

बेस किती लांब, किती उंच

दोन किलोमीटरवरच्या बेसला आणि रोव्हरला एकच आकाश असतं, दोघांची चूक सारखी, वजाबाकीत ती उडून जाते. अंतर वाढलं की वरच्या थराचा उतार मध्ये येतो. दुपारी दोन ते चार आपल्याकडे हा उतार चांगलाच तीव्र असतो. किलोमीटरमागे ५ मिलिमीटरचा फरक धरला तरी १० किलोमीटरला ५ सेंटीमीटर. लहर मुळात १९ सेंटीमीटरची, तिच्या पाव भागाएवढी चूक आत शिरली की रिसीव्हरचा पूर्णांकांचा हिशोब (सॅटेलाइटपर्यंत अख्ख्या लहरी किती, हा) अडखळतो. म्हणून माहितीपत्रकातलं "८ मिलिमीटर अधिक किलोमीटरला १ मिलिमीटर" हे आपल्या दुपारसाठी वाचू नका. मी स्वतःचा बेस लावते तेव्हा पाचच्या आत ठेवते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांवरून (कायम चालू असणारे पक्के बेस) काम करत असाल तर नेटवर्क आजूबाजूच्या स्टेशनांमधला उतार मोजून मधल्या जागेसाठी अंदाज देतं. दुपारच्या सरळ उताराला तो चांगला लागू पडतो. संध्याकाळच्या बुडबुड्यांच्या कडा आणि आतली खळबळ मात्र दोन स्टेशनांच्या मधेच मावते, तिथे नेटवर्कही हतबल.

घाटात वेगळा प्रश्न, तो खालच्या थराचा. पोलादपूरला बेस आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला रोव्हर, अशी कल्पना करा. महाबळेश्वर १,३५० मीटरवर, पोलादपूर पायथ्याला. हवेच्या दाबात साधारण १४५ हेक्टोपास्कलचा फरक. दर हेक्टोपास्कलला २.३ मिलिमीटर धरले तर नुसत्या कोरड्या हवेचा फरक ३३ सेंटीमीटर, म्हणजे फूटभर. तो मशीन गणिताने काढतं आणि बऱ्यापैकी काढतं. ओलाव्याचा फरक मात्र त्याला कळत नाही: खाली कोकणाची वाफ, वर धुकं किंवा कोरडा वारा. तिथे एक सेंटीमीटर चुकला की उंचीत साधारण तिप्पट, तीन सेंटीमीटर. प्लॅनमध्ये, म्हणजे पूर्व-उत्तर अक्षांवर, जवळपास काही कळत नाही. सगळा मार उंचीला बसतो, आणि स्क्रीनवरचा आरएमएस (मशीनने स्वतःच काढलेला चुकीचा अंदाज) गोडगोड दिसत राहतो.

उपाय साधा आहे. बेस कामाच्या मधल्या उंचीला लावा, घाटमाथ्यावरही नको आणि पायथ्यालाही नको. काम लांबट असेल तर दोन बेस करा. पोस्ट प्रोसेसिंग (नोंदी आणून नंतर संगणकावर हिशोब) करत असाल तर साइटवरचं तापमान, आर्द्रता हाताने भरू नका. जमिनीलगतचा ओलावा वरच्या हवेचं काही सांगत नाही आणि उत्तर बहुतेक वेळा बिघडतंच, सॉफ्टवेअरचं ठरलेलं मॉडेल राहू द्या. आणि जिथे उंचीचा एक सेंटीमीटर महागात पडतो, उपसा योजनेचे पाट, गटारीचा उतार, तिथे रोव्हरवर उंची घेऊच नका. ऑटो लेव्हल, म्हणजे दुर्बिणीने उंची बघायचं यंत्र, काढा. कृष्णाकाठच्या बेसवरून खानापूरच्या माळावरच्या चारीची लेव्हल काढणाऱ्यांशी माझं हे भांडण कायम चालू असतं.

पावसाळ्यात खरोखर बघायच्या गोष्टी

पावसाच्या धारेने काही होत नाही हे सुरुवातीला सांगितलं. ओल्या पानांनी मात्र होतं. कोरड्या आंब्याखाली कसाबसा मिळणारा फिक्स भिजलेल्या आंब्याखाली मिळत नाही. भातखाचरात पाणी साचलं असेल तर सिग्नल पाण्यावरून उलटून परत येतो. अशा ठिकाणी दांडी दोन मीटरची पूर्ण काढा आणि पॉइंटला पाच सेकंदांऐवजी तीस द्या. रेडिओच्या बेसची अँटेना भिजली तर जोडणीत पाणी जातं, तिथे टेप मारा.

वीज कडाडायला लागली तर काम बंद. मोकळ्या माळावर दोन मीटरची कार्बनची किंवा ॲल्युमिनियमची दांडी उभी धरून थांबणं म्हणजे विजेला आमंत्रण. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारी तीननंतर पश्चिमेकडे काळं दिसलं की मी दांडी आडवी करायला लावते आणि पोरांना गाडीत बसवते. झाडाखाली नाही, गाडीत.

फिक्स खरा की खोटा

बिघडलेल्या आयनांबरात सगळ्यात वाईट फ्लोट नसतो, तो निदान सांगून तरी येतो. वाईट असतो खोटा फिक्स. रिसीव्हर पूर्णांक चुकीचा धरतो, स्क्रीनवर फिक्स हिरवा, आरएमएस एक सेंटीमीटर, आणि पॉइंट वीस सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त बाजूला. हद्दीच्या कामात यावरून कोर्टकचेऱ्या होतात.

म्हणून हद्दीचा प्रत्येक कोपरा दोनदा. नुसतं सेव्ह दोनदा दाबून नाही, कारण खोटा पूर्णांक तसाच चालू राहतो. पहिला पॉइंट घेतला की रोव्हर उलटा करायचा, अँटेना जमिनीकडे, सगळे सॅटेलाइट तुटू द्यायचे. मग सरळ करून बुडबुडा मध्ये आणायचा (हा लेव्हलचा बुडबुडा, वरचा नव्हे), नव्याने फिक्स येऊ द्यायचा आणि परत पॉइंट. आडवा फरक दोन सेंटीमीटर आणि उंचीचा चारच्या आत असेल तर ठेवा. मोठा असेल तर तिसरा घ्या आणि जुळणारे दोन ठेवा. नाजूक कोपऱ्याला दुसरी फेरी निदान अर्ध्या तासाने, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सॅटेलाइटही बदललेले असतात आणि आकाशही. सुरुवातीला आणि शेवटी एका पक्क्या खुणेवर, पुलाच्या कठड्यावर किंवा आपल्याच कंट्रोल पॉइंटवर, दांडी टेकवून बघायची. शेवटची टेकणी जुळली नाही तर मधले सगळे पॉइंट संशयित, मग कंत्राटदार काहीही म्हणो.

आणि फील्ड बुकात प्रत्येक पॉइंटसमोर वेळ लिहा. कंट्रोलर वेळ ठेवतो हे खरं, पण फाइल एक्सपोर्ट करताना ती बऱ्याचदा गळते. सहा महिन्यांनी कोणी पॉइंटवर बोट ठेवलं तर तो सकाळी साडेआठचा होता की १७ मार्चच्या रात्री आठचा, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.